सुचविलेली किंमत आणि घेतलेली किंमत

राज्यें कशीं उदयास आलीं आणि कशीं लयास गेलीं, हें सांगणाऱ्या इतिहासाची आपल्याकडे वाण नाहीं. परंतु बाजारांतील एखाद्या वस्तूची किंमत कोणी, कोणत्या अधिकारानें आणि कोणाच्या सोयीसाठीं ठरविली, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः सामान्य मनुष्याचा संबंध तहनाम्यांपेक्षां भावांशींच अधिक येतो. म्हणून अशा एका किंमतीची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय दूरदेशींचा आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत नवी पिकअप गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकास कारखान्यानें सांगितलेल्या किंमतीवर आणखी रक्कम कां मोजावी लागते, हा तो प्रश्न होय. पिकअप म्हणजे पुढें माणसांना बसण्याची बंदिस्त जागा आणि मागें माल टाकण्याचा उघडा हौदा असलेली गाडी. शेतकरी, सुतार, नळकाम करणारा, लहान ठेकेदार, यांचें तें चालतेंफिरतें अवजार आहे. १९२१ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ व २०२२ या दोन सालीं, अमेरिकेंतील पुष्कळ डीलरांच्या आवारांत अशा गाडीच्या कांचेवर दोन कागद दिसत. एक कारखान्यानें छापलेला. त्यांत गाडीची किंमत, वरकड साहित्याची किंमत, वाहतुकीचा आकार आणि शेवटीं बेरीज. त्याच्या शेजारीं दुसरा कागद डीलरानें चिकटविलेला. त्यावर ‘बाजारानुसार फेरफार’ अशा अर्थाचे शब्द आणि त्यापुढें कित्येक हजार डॉलरांचा आंकडा. पहिल्या कागदामागें एका प्रसिद्ध कायद्याची परंपरा होती. दुसऱ्यामागें गिऱ्हाइकाची निकड एवढाच आधार होता. तथापि व्यवहार व्हावयाचा तो दुसऱ्या कागदाप्रमाणें. पहिला कागद असा दुबळा कां ठरला, हें समजण्यासाठीं शंभरांहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

दुकानांत सर्वांस एकच भाव, हा नियम फार जुना नाहीं. युरोप-अमेरिकेंतही पूर्वीं घासाघीस हाच बाजाराचा राजमार्ग होता. एकोणिसाव्या शतकांत मोठमोठीं दुकानें निघालीं, त्यांनीं हा क्रम बदलला. फिलाडेल्फिया शहरीं जॉन वानामेकर यानें १८७६ सालीं रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागेंत आपलें विस्तीर्ण दुकान थाटलें. तेथें जिनसेवर किंमतीची चिठ्ठी असावयाची आणि ती किंमत गरीब-श्रीमंत सर्वांस सारखीच लागू व्हावयाची. न्यूयॉर्क व पॅरिस येथील मोठ्या दुकानांचाही रिवाज असाच पडला. ज्याला बोलतां येत नाहीं, ज्याला भाव ठाऊक नाहीं, त्याचाही तोटा होऊं नये, हें या चिठ्ठीचें पुण्य होय. मग ज्या देशांत कापड आणि कपबशा अशा निश्चित भावानें विकल्या जाऊं लागल्या, त्याच देशांत मोटारीसारखी महाग वस्तू घासाघिशीच्या हवालीं कां राहिली?

आरंभीं ती तशी नव्हती. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ सालीं बाजारांत आली, तेव्हां तिची जाहीर किंमत ८५० डॉलर होती. पुढें उत्पादन वाढत गेलें तशी ती उतरत गेली. १९२५ सालीं फोर्डच्या कारखान्यानें याच गाडीस मागें लोखंडी हौदा बसवून ती ‘पिकअप’ या नांवानें विकावयास काढली. किंमत होती २८१ डॉलर. हें आंकडे जाहिरातींत छापलेले असत आणि पहिल्यानेंच मोटार घेणाऱ्या शेतकऱ्यास ते वाचतां येत. घोडा विकून आलेल्या पैशांत भर घालून त्यानें गाडी आणली, कीं व्यवहार संपला.

परंतु गाडी जुनी झाली, आणि घोटाळ्यास तेथून प्रारंभ झाला. दुसऱ्यांदां गाडी घेणारें गिऱ्हाईक रिकाम्या हातानें येईना. तें आपली जुनी गाडी घेऊन येई आणि तिचे पैसे नव्या गाडीच्या किंमतींतून वजा मागे. जुन्या गाडीवर चिठ्ठी कोण लावणार? घोड्याचे दांत पाहून त्याचें वय ठरवावें, तसा हा प्रकार. त्यांतच उधारीची भर पडली. जनरल मोटर्स कंपनीनें १९१९ सालीं गाड्या हप्त्यांनीं विकण्यासाठीं स्वतःची पतपेढी काढली. त्या कंपनीचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यांनीं पुढें लिहिलेल्या ग्रंथांत, १९२० नंतरच्या दशकांत मोटारबाजाराचें स्वरूप पालटविणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत हप्त्यांची विक्री व जुन्या गाडीची अदलाबदल या दोन प्रमुख आहेत. येथून पुढें एका सौद्यांत तीन आंकडे शिरले: नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचें मोल आणि उधारीचें व्याज. हे तीन आंकडे एकत्र कालवले म्हणजे कोणत्या आंकड्यांत आपण जिंकलों व कोणत्यांत हरलों, हें हिशेबी मनुष्यासही सांगतां येत नाहीं. जुन्या गाडीचे शंभर डॉलर अधिक देऊन नव्या गाडीवर दोनशें अधिक घ्यावेत, किंवा दोन्हींत सवलत दाखवून व्याजांत ती भरून काढावी, असा आंवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यापार सुरू झाला, तो याच काळांत.

या हकीकतींत डीलर हाच एकटा खलपुरुष आहे, अशी समजूत करून घेणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. डीलर हा कारखान्याचा नोकर नव्हे. तो कारखान्याकडून स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशानें गाड्या विकत घेतो आणि मग विकतो. गाडी आवारांत उभी राहिली तर व्याज त्याचें चढतें. १९२० सालच्या अखेरीस मंदी आली, गाड्या खपेनात आणि फोर्ड यांना पैशाची निकड लागली. त्यांनीं सावकारांकडे जाण्याचें टाळून, डीलरांनीं मागविलेल्या नव्हत्या अशा गाड्या व सुटे भाग त्यांच्याकडे रवाना केले आणि माल पोहोंचतांच रोख रक्कम मागितली. नाकारावें तर दुकानदारीचा परवाना जावयाचा. तेव्हां डीलरांनीं आपापल्या गांवच्या पेढ्यांतून कर्जें काढलीं. म्हणजे फोर्ड यांनीं जें कर्ज टाळलें, तेंच हजारों लहान व्यापाऱ्यांच्या डोक्यावर वांटून दिलें. अशा अनुभवांतूनच डीलर संस्थानांच्या कायदेमंडळांकडे वळले. विस्कॉन्सिन संस्थानांत १९३७ सालीं या व्यवसायाचें नियमन करणारा कायदा झाला. पुढें इतर संस्थानांतही कारखानदाराच्या मनमानीपासून डीलरास संरक्षण देणारे कायदे होत गेले. कारखान्यानें गिऱ्हाइकास परस्पर गाडी विकूं नये, असे निर्बंधही पुष्कळ संस्थानांनीं घातले. या कायद्यांचा हेतु दुबळ्यास बलवानापासून वांचविण्याचा होता, हें ध्यानांत ठेवावें. कारण पुढें तेच कायदे तिसऱ्याच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, आड आले.

आतां टंचाईचा काळ पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्यें खाजगी वापराच्या मोटारींचें उत्पादन थांबलें. युद्ध संपलें तेव्हां लोकांच्या हातीं पैसा होता आणि रस्त्यावरील गाड्या झिजून गेल्या होत्या. सरकारी किंमत-नियंत्रण असेपर्यंत जाहीर भावाहून उघडपणें अधिक घेणें गुन्हा होता. म्हणून तें आडमार्गानें घेतलें जाई. गिऱ्हाइकानें मागितलेलीं नसतां गाडीवर नाना उपकरणें चढवावींत आणि तीं घेतल्यावांचून गाडी देऊं नये. जुन्या गाडीचें मोल मातीमोल करावें. टेबलाखालून पाकीट घ्यावें. अशा युक्त्या तेव्हांच्या बाजारांत प्रसिद्ध होत्या. नोव्हेंबर १९४६ मध्यें बहुतेक नियंत्रणें उठलीं, तरी टंचाई उठली नाहीं. कारखान्यांनीं आपली दर्शनी किंमत बेतानेंच ठेविली; पण नवी कोरी गाडी कांहीं मैल फिरवून ‘वापरलेली’ म्हणून विकावयाची आणि नवीपेक्षां अधिक दाम घ्यावयाचे, असा उलटा न्याय रूढ झाला. गरजवंताला अक्कल नसते, असें आपल्याकडे म्हणतात. आमच्या मतें त्यास अक्कल पुरेशी असते. दुसरी गाडी मात्र नसते.

हें वाचून आपल्याकडील वाचकांस कांहींच नवल वाटणार नाहीं. अमेरिकन गाड्या मुंबईस जोडण्याचा जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीस १९२८ सालींच निघाला होता आणि तेथून शेव्हरोलेट मोटारी व ट्रक हिंदुस्थानांत जात. तो १९५४ सालीं बंद झाला. त्यानंतरच्या परवाना-पद्धतीच्या काळांत गाड्या थोड्या आणि मागणारे फार, अशी स्थिति झाली. मोटारीसाठीं आणि स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. आणि नंबर लागलेल्याकडून ती गाडी हातोहात घ्यावयाची तर वर जी रक्कम मोजावी लागे, तिला बाजारांत ‘ऑन’ असें नांव पडलें होतें. पुण्याजवळच्या आकुर्डीस होणाऱ्या स्कूटरचा ‘ऑन’ आणि डेट्रॉइटच्या ट्रकावरील ‘फेरफार’ हीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें आहेत. भेद इतकाच कीं, आपल्याकडे तो पैसा चोरून घेतला जाई, आणि तिकडे आज तो कांचेवर छापून घेतला जातो.

पुन्हां मूळ विषयाकडे वळूं. टंचाईनें जें बिघडविलें, तें सुबत्तेनें सुधारेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. पण घडलें तें विपरीत. १९५३ सालानंतर फोर्ड व शेव्हरोलेट यांच्यांत पहिल्या क्रमांकासाठीं विक्रीचें युद्ध जुंपलें. कारखाने डीलरांच्या गळ्यांत गाड्या बांधूं लागले. १९५५ या एका सालीं ७० लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. आतां गाड्या अधिक व गिऱ्हाइकें थोडीं. तेव्हां गिऱ्हाइकास खेंचण्यासाठीं डीलरांनीं आधीं किंमत फुगवावी आणि मग त्याच फुगवट्यांतून मोठी सूट दिल्याचा देखावा करावा, हा प्रकार माजला. खरी दर्शनी किंमत कोणती, हें विकणाऱ्यावांचून कोणास ठाऊक नव्हतें. टंचाईंत गिऱ्हाइकास अधिक किंमत कळून द्यावी लागे. सुबत्तेंत ती न कळतां द्यावी लागूं लागली.

या अंदाधुंदीचा परामर्ष ओक्लाहोमा संस्थानाचे सेनेटर माइक मोन्रोनी यांनीं घेतला. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें १९५५-५६ च्या सुमारास मोटारविक्रीच्या रीतींची चौकशी झाली, आणि तींतून दोन कायदे निघाले. पहिला १९५६ सालचा. कारखानदार कराराच्या बाबतींत सचोटीनें वागला नाहीं, तर त्यास न्यायालयांत खेंचण्याचा हक्क त्यानें डीलरास दिला. दुसरा कायदा गिऱ्हाइकासाठीं होता. त्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही ७ जुलै १९५८ रोजीं झाली आणि १९५९ सालच्या नमुन्याच्या गाड्यांपासून तो अमलांत आला. गाडीची बनावट, नमुना व क्रमांक, ती कोठें जोडली तें ठिकाण, ती कोणत्या डीलराकडे व कोणत्या साधनानें पाठविली तें, तिची सुचविलेली किरकोळ किंमत, वरकड साहित्याची स्वतंत्र किंमत, वाहतुकीचा आकार व एकंदर बेरीज, इतका मजकूर कारखानदारानें कागदावर छापून कांचेवर लावावा, असें त्यानें ठरविलें. गाडी शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यापूर्वीं हा कागद जाणूनबुजून काढणारास १००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अमेरिकन लोक त्या कागदास आजही त्या सेनेटरच्या नांवानेंच ओळखतात. कायदे करणारांपैकीं फार थोड्यांस अशी कीर्ति लाभते.

या कायद्यांतील दोन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, ‘मोटार’ या शब्दाची त्यानें जी व्याख्या केली, तींत माणसांची मोटार व ‘स्टेशन वॅगन’ यांचीं नांवें आहेत; पिकअपचें नांव नाहीं. १९५८ सालीं पिकअप हें शेताचें व धंद्याचें अवजार होतें, घरची गाडी नव्हे, हेंच त्याचें कारण असावें. पिकअपच्या कांचेवरही तसाच कागद दिसतो, तो रिवाजानें आलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कागदावरील किंमत ‘सुचविलेली’ आहे. कायद्यानें कागद काढण्यास शिक्षा सांगितली. कागदावरील आंकड्याहून अधिक घेण्यास कोणतीही शिक्षा सांगितली नाहीं. आरसा फोडूं नये, असा हुकूम झाला; आरशांत जें दिसेल, त्याविरुद्ध कांहीं हुकूम झाला नाहीं.

‘सुचविलेली’ हा सौम्य शब्द कोठून आला? तो अमेरिकन न्यायालयांतून आला. उत्पादकानें एकदां माल विकल्यावर पुढील विक्रेत्यानें तो कोणत्या भावाच्या खालीं विकूं नये, हें ठरविण्याचा अधिकार उत्पादकास नाहीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९११ सालीं एका औषधविक्रीच्या खटल्यांत दिला. उत्पादक व विक्रेते एकत्र होऊन भाव चढे ठेवतील, ही भीति त्याच्या मुळाशीं होती. परंतु १९६८ सालीं त्याच न्यायालयानें उलट बाजूही बंद केली. त्या खटल्यांत एका वृत्तपत्राचा वितरक छापील दरापेक्षां अधिक पैसे घेत होता. पत्राच्या मालकांनीं त्यास आळा घालण्यासाठीं त्याच्या भागांत दुसरा वितरक नेमला. न्यायालयानें दोष दिला तो मालकांस. व्यापाऱ्याचें भाव ठरविण्याचें स्वातंत्र्य वरूनही बांधतां येत नाहीं आणि खालूनही बांधतां येत नाहीं, असें त्याचें सार निघालें. १९९७ सालीं एका पेट्रोलपंपाच्या खटल्यांत न्यायालयानें हें मत सोडून दिलें आणि कमाल भाव ठरविणें हें प्रत्येक वेळीं बेकायदाच असतें असें नाहीं, असें सांगितलें. पण तोंपर्यंत संस्थानांचे डीलरसंरक्षक कायदे दृढ झाले होते आणि ‘सुचविलेली’ हा शब्द बाजाराच्या अंगवळणीं पडला होता.

आपल्याकडील स्थितीशीं याची तुलना उद्बोधक आहे. भारतांत वेष्टनांत बांधलेल्या मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ति १९९० सालच्या दुरुस्तीनें झाली. बिस्किटांच्या पुड्यावरील आंकडा ही मर्यादा आहे. दुकानदारानें त्याहून एक रुपया अधिक घेतला तर गिऱ्हाईक त्याच्याशीं भांडूं शकतें, आणि पुष्कळदां भांडतेंही. अमेरिकेंतील चाळीस-पन्नास हजार डॉलरांच्या ट्रकावरील आंकडा ही केवळ सूचना आहे. एकाच प्रकारच्या चिठ्ठीवर दोन देशांनीं दोन निरनिराळे अर्थ लिहिले. अर्थात् कमाल किंमतीचा नियमही निर्दोष नाहीं. टंचाई खरीच असली म्हणजे तो मालास काळ्या बाजारांत लोटतो, हें आपण पुरेपूर भोगलें आहे.

टंचाई पिकअपच्याच वांट्यास विशेष कां येते, यालाही इतिहास आहे, आणि तो कोंबड्यांपासून सुरू होतो. १९६० नंतर युरोपांतील सामायिक बाजाराच्या राष्ट्रांनीं अमेरिकन कोंबड्यांवर जबर जकात बसविली. तिला उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनीं डिसेंबर १९६३ मध्यें फर्मान काढून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर जकात वाढविली. ट्रकांवरील जकात शेंकडा २५ झाली. रोख होता जर्मनीहून येणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांवर. पुढें इतर जिनसांची जकात गेली. ट्रकांची मात्र राहिली. माणसांच्या मोटारींच्या बाजारांत जपानी व युरोपीय स्पर्धेनें भाव खालीं ओढले, तसे ते पिकअपच्या बाजारांत ओढले गेले नाहींत. निस्सान आदि जपानी कारखान्यांनीं पुढें अमेरिकेंतच पिकअप बनविण्यास प्रारंभ केला, तरी मोठ्या पिकअपचा बाजार मुख्यतः तिघां अमेरिकन कारखानदारांच्या मुठींत राहिला. फोर्डची ‘एफ’ मालिका १९४८ सालीं निघाली आणि १९७७ पासून तिनें ट्रकविक्रींत पहिला क्रमांक धरून ठेविला. इतक्यांत पिकअपचें रूपही पालटलें. पूर्वीं धान्याचीं पोतीं वाहणारी ही गाडी गालिचे, चामड्याच्या बैठका व चार दरवाजे घेऊन घरची प्रतिष्ठित गाडी झाली. नफा तिच्यांत सर्वांत अधिक. म्हणून कारखान्यांचें लक्षही तिच्यावर.

अशा बाजारावर २०२१ सालीं अर्धवाहक चिपांची टंचाई येऊन आदळली. साथीच्या काळांत कारखान्यांनीं चिपांच्या मागण्या रद्द केल्या होत्या; त्या पुन्हां नोंदवूं लागले तेव्हां चिप बनविणारांचा माल इतरांनीं उचलला होता. केंटकी संस्थानांतील मोटारशर्यतीच्या ओस मैदानावर फोर्डचे ट्रक चिपांची वाट पाहत रांगेनें उभे असल्याचीं चित्रें तेव्हां जगानें पाहिलीं. एडमंड्स या मोटारभावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनें दिलेल्या हिशेबाप्रमाणें जानेवारी २०२२ मध्यें नव्या गाड्या घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ८२ जणांनीं सुचविलेल्या किंमतीहून अधिक पैसे दिले. त्याच्या वर्षभर आधीं अशांची संख्या शंभरांत तीनही नव्हती. कारखानदारांस हें पाहून आनंद झाला नाहीं; कारण अधिक पैसा डीलराच्या पेटींत जात होता आणि राग कारखान्याच्या नांवावर जमत होता. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनीं फेब्रुवारी २०२२ मध्यें सांगितलें कीं, सुमारें दहांपैकीं एक डीलर असें करीत आहे आणि अशांस यापुढें मिळणाऱ्या मालावर त्याचा परिणाम होईल. भाव बांधणें कारखानदारास अवघड होतें. माल कमी देण्याचा धाक तेवढा तो घालूं शकत होता. १९२० सालीं नको असलेला माल पाठविणें हें त्याचें शस्त्र होतें. शंभर वर्षांनीं हवा असलेला माल न पाठविणें हें त्याचें शस्त्र झालें.

येथें कोणी म्हणेल, मागणी अधिक असतां भाव चढणें हा सृष्टिनियमच आहे. मग तक्रार कसली? या आक्षेपांत तथ्य आहे. दहा ट्रक आणि शंभर गिऱ्हाइकें असतील तर कोणास तरी विन्मुख जावेंच लागणार. परंतु मोटारबाजारांत सर्वांस सारखाच चढा भाव लागत असता, तर गोष्ट निराळी होती. घासाघिशीचा भाव माणूस पाहून ठरतो. कायद्याचे अभ्यासक इयन एअर्स यांनीं शिकागो भागांतील डीलरांकडे निरनिराळ्या वर्णांचे स्त्री-पुरुष गिऱ्हाईक म्हणून पाठविले. सर्वांस बोलण्याची एकच रीत शिकविली होती. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतील निष्कर्ष असा कीं, गोऱ्या पुरुषाकडून डीलरानें जितका नफा मागितला, त्याहून गोऱ्या स्त्रीकडून शेंकडा ४० अधिक, काळ्या पुरुषाकडून दुपटीहून अधिक, आणि काळ्या स्त्रीकडून तिपटीहून अधिक मागितला. कांचेवरचा कागद त्या सर्वांस एकच दिसत होता. वानामेकरच्या चिठ्ठीनें दुबळ्या गिऱ्हाइकास जें अभय दिलें होतें, तें या कागदास देतां आलें नाहीं. कारण चिठ्ठीवर किंमत होती आणि कागदावर सूचना होती. जनरल मोटर्सनें १९९० सालीं ‘सॅटर्न’ या नव्या नांवाखालीं घासाघीस न करतां गाड्या विकण्याचा उपक्रम केला. कित्येक गिऱ्हाइकांस तो फार आवडला. पण २०१० सालीं तें नांवच बंद झालें.

सरकारनें पुन्हां एकदां प्रयत्न केला, त्याचीही गत पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें नियम जाहीर केला. जाहिरातींतील किंमत खरी असावी, गाडीची संपूर्ण किंमत आधीं सांगावी, ज्या वरकड गोष्टीचा गिऱ्हाइकास कांहींच उपयोग नाहीं तिचे पैसे घेऊं नयेत, आणि जें घ्यावयाचें तें त्याच्या स्पष्ट संमतीनें घ्यावें, असा त्याचा आशय होता. १९१७ सालीं स्थापन झालेला डीलरांचा राष्ट्रीय संघ न्यायालयांत गेला. नियम करण्याची विहित पद्धति पाळली नाहीं, या कारणास्तव न्यू ऑर्लिन्स येथील अपील न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें तो रद्द ठरविला. एक दिवसही तो अमलांत आला नाहीं.

मग १९५८ सालचा कागद व्यर्थ म्हणावयाचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या कागदापूर्वीं गिऱ्हाइकास आपण किती लुबाडलों गेलों, हेंही कळत नसे. आज डीलरास अधिक पैसे घ्यावयाचे तर त्यास दुसरा कागद चिकटवावा लागतो, आणि त्या दोन कागदांतील अंतर शाळकरी मुलासही वजाबाकीनें काढतां येतें. जाणता गिऱ्हाईक याच कागदाचा उपयोग करतो. तो तीन आंकडे वेगळे मागतो: आधीं नव्या गाडीची सर्व आकारांसह एकंदर रक्कम, ती ठरल्यावर जुन्या गाडीचें मोल, आणि शेवटीं उधारीच्या अटी, आणि हीं उत्तरें लेखी घेतो. दहा गांवच्या डीलरांस तो तोच प्रश्न विचारतो. आवारांतील गाडीच हवी असा हट्ट न धरतां कारखान्याकडे मागणी नोंदवून थांबण्याची त्याची तयारी असते. मात्र या सर्व उपायांच्या मुळाशीं एकच बळ आहे: उठून जाण्याचें. ज्याची जुनी गाडी अजून चालते, त्यास तें बळ आहे. ज्याची गाडी काल रस्त्यांत बंद पडली आणि उद्यां कामावर हौदा भरून जावयाचें आहे, त्यास तें नाहीं. कायदा पहिल्यास माहिती देतो. दुसऱ्यासही तीच देतो. पण दुसऱ्याच्या हातांत ती माहिती केवळ आपल्या तोट्याचा अचूक हिशेब होऊन राहते.

या इतिहासांतून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, किंमत उघड करणें आणि किंमत न्याय्य करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस एक कागद व एक दंडाचें कलम पुरतें. दुसरीस पुरेसा माल, खुली स्पर्धा आणि गिऱ्हाइकास थांबतां येईल इतकी सवड, या तिन्हींची गरज लागते. डीलरास कारखानदारापासून वांचविणारे कायदे झाले, देशी कारखानदारास परदेशी कारखानदारापासून वांचविणारी जकात झाली; ज्याच्यासाठीं ट्रक बनतो, त्याच्या वांट्यास सूचना आली. सूचना मानणें न मानणें हें ज्याच्या हातीं माल आहे त्याच्या मर्जीवर असतें. आणि मर्जीवर चालणारा भाव बांधण्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न १९५८ सालीं जेथें सोडला गेला, तेथेंच अद्याप आहे.